भाडेकरूचा पाहुणा आणि घरमालक : मुंबईतील एका जुन्या पेचाचा इतिहास

मुंबईतील घरभाड्याच्या व्यवहाराचा इतिहास सहसा घरमालक आणि भाडेकरू या दोन पक्षांचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि त्या दोघांच्या मध्ये वर्षानुवर्षे राहिलेला तिसरा माणूस, म्हणजे भाडेकरूने आपल्या खोलीत ठेवून घेतलेला पाहुणा, फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. वास्तविक या शहराच्या गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या ज्यांच्या श्रमांवर चालल्या त्यांतील मोठा वर्ग नोकरीची पहिली काही वर्षे, आणि पुष्कळदा सारी नोकरी, दुसऱ्याच्या नावावरच्या खोलीतच राहिला. हा दीर्घकाळचा पाहुणा मालकाला नेमका केव्हापासून खुपू लागला याचा मागोवा घेतला, तर त्याचे कारण गर्दीत किंवा मालकाच्या स्वभावात सापडत नाही. ते भाडेनियंत्रणाच्या कायद्यात सापडते. ज्या कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले, त्यानेच पाहुण्याला संशयित केले.

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिल्या सूतगिरणीची उभारणी हाती घेतली आणि पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांची दाट वस्ती झाली. कामगार आले ते प्रामुख्याने रत्नागिरी जिल्ह्यातून आणि सातारा-कोल्हापूरच्या घाटावरून, आणि येताना बहुतेकांनी बायकामुले गावीच ठेवली. १९२१च्या जनगणनेत शहरातील दर पाच माणसांपैकी चारांहून अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली होती आणि हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या पाचशेच्या आसपास होती. अशा शहरात स्वतःच्या नावावर खोली घेणे नवख्या माणसाला परवडण्यासारखे नव्हते आणि त्याची त्याला निकडही नव्हती, कारण गावचा, भावकीतला किंवा निदान त्याच खात्यात काम करणारा कोणीतरी आधीच खोली धरून बसलेला असे. कामावर लावून देणारा जॉबर, म्हणजे गिरणीतील मुकादम, हा अनेकदा त्याच ओळखीच्या साखळीतला असल्यामुळे नोकरी आणि निवारा या दोन्ही गोष्टी एकाच वाटेने मिळत.

निवाऱ्याचे ठिकाण म्हणजे चाळ : लांब गॅलरीच्या कडेने ओळीने बांधलेल्या एकेक खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ आणि सामाईक संडास. खोलीचे भाडे खोलीचे असे, माणसांचे नसे. मालक स्वतः चाळीत फिरकत नसे; भाडेवसुलीचे काम त्याचा मेहता, म्हणजे हिशेबनीस-कारकून, करीत असे आणि पावतीवर एकच नाव लिहीत असे. त्या नावाच्या मागे चार माणसे झोपतात की बारा, याची विचारपूस करण्याचे मेहत्याला काही कारण नव्हते. भाडे थकले तर खोली रिकामी करून घेता येत होती आणि मागणी वाढली तर भाडेही वाढवता येत होते. पाहुणा मालकाच्या खिशातून काही नेत नव्हता.

या व्यवस्थेतून राहण्याचे जे प्रकार रूढ झाले त्यांत गावकऱ्यांची खोली हा सर्वांत लक्षणीय होय. एखाद्या गावच्या कामगारांनी मिळून खोली घ्यायची, पावती त्यांतील एकाच्या नावे ठेवायची, भाडे आणि दिवाबत्तीचा खर्च वर्गणीने भागवायचा आणि गावाहून येणाऱ्या नव्या माणसाला तेथे पहिली पथारी टाकू द्यायची, असा हा रिवाज होता. लालबाग-परळ भागात आजरा, चंदगड, गडहिंग्लज या तालुक्यांतील लोकांचे असे ‘गाळे’ पुढेही दीर्घकाळ टिकले. प्रत्येकाची वस्तू म्हणजे एक ट्रंक आणि भिंतीवरची एक खुंटी. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होई. जेवणाची सोय खानावळवालीकडे असे. ही बाई स्वतः चाळीतल्या खोलीत राहून महिन्याच्या पैशांवर दहा-वीस माणसांना दोन वेळा जेवू घाली, आणि त्यांतले काही तिच्याच खोलीत किंवा बाहेरच्या गॅलरीत झोपत. त्यांना भाडेकरू म्हणावे, पोटभाडेकरू म्हणावे की पाहुणे, हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. विचारला असता तर त्याचे सरळ उत्तरही देता आले नसते.

गोव्याच्या लोकांनी हीच कल्पना अधिक शिस्तीने उभी केली. धोबीतलाव आणि त्याच्या आसपासच्या भागांत गोव्यातील एकेका गावाने आपले ‘कूड’, म्हणजे गावच्या माणसांसाठीचा क्लब, चालवले. बोटीवर काम करणारे तारवटी, स्वयंपाकी, वादक दोन प्रवासांच्या मधल्या काळात तेथे राहत. पेटी ठेवायला जागा, गावच्या रक्षक संताची वेदी, ठरावीक वर्गणी आणि लिखित नियम अशी त्याची रचना होती. इमारतीच्या मालकाच्या दृष्टीने भाडेकरू होता तो क्लब, आणि आत राहणारी माणसे बदलत राहणार हे त्याने आरंभापासूनच गृहीत धरलेले होते. पाहुणचाराचे नियम कागदावर असल्यामुळे या ठिकाणी मालकाला माणसे मोजण्याची वेळ आली नाही.

पुण्यातील वाड्यांची रीत याहून निराळी होती. तेथे मालक स्वतः वाड्यातच राही, बिऱ्हाडकरूचा भाचा किंवा पुतण्या शिकायला आला तर तो पहिल्याच दिवशी त्याच्या नजरेस पडे, आणि गरीब विद्यार्थी तर वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी, जेवत असल्यामुळे अशा मुलाचे राहणे हा साऱ्या आळीला ठाऊक असलेला व्यवहार असे. ओळखीच्या नजरेखाली चालणाऱ्या पाहुणचारात तंटे होत नसत असे नाही, पण ते मुख्यतः पाणी, संडास आणि रात्री दिंडीदरवाजा उघडण्याची वेळ यांवरून होत. जागेच्या हक्कावरून होत नसत.

त्या काळचा कायदाही पाहुण्याच्या विरोधात नव्हता. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार, करारात उलट काही ठरलेले नसेल तर भाडेपट्टेदाराला आपला हक्क पोटभाड्याने देण्याची मुभा होती. पोटभाडेकरू म्हणजे भाडेकरूने आपल्याकडील जागा किंवा तिचा भाग भाडे घेऊन ज्याला स्वतंत्रपणे दिला तो माणूस. आणि पाहुणा म्हणजे ज्याला जागेवर कोणताही हक्क न देता भाडेकरूने आपल्या सोबत राहू दिले तो. दोन्ही गोष्टी कायदेशीर असल्यामुळे त्यांच्यामधील रेषा आखण्याची गरजच पडत नव्हती. खोलीत दाटलेल्या माणसांकडे प्रथम बोट दाखवले ते मालकांनी नव्हे, आरोग्य खात्याने. १८९६च्या प्लेगनंतर घरोघर तपासणी सुरू झाली, १८९८ साली शहर सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले आणि एका खोलीत किती माणसांनी राहावे हा सरकारी चिंतेचा विषय बनला. ती चिंता हवेची आणि उजेडाची होती, मालकीची नव्हती.

परिस्थिती पालटली ती पहिल्या महायुद्धाने. युद्धकाळात बांधकाम मंदावले, शहरात माणसे वाढली, भाडी भडकली आणि १९१८ साली मुंबईत युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा पहिला कायदा करण्यात आला. तो तात्पुरता होता आणि तसाच तो संपलाही. याच सुमारास गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत स्थापन झालेल्या विकास खात्याने, म्हणजे बी.डी.डी.ने, वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या आणि सरकार स्वतःच मोठे घरमालक झाले. साधारण १६० चौरस फुटांच्या त्या खोल्या कुटुंबासाठी आखलेल्या असल्या, तरी त्यांतही गावचे पाहुणे पूर्वीसारखेच आले. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ साली, पुन्हा भाडेनिर्बंध आले, १९४४ साली ते वाढवण्यात आले, आणि फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत असताना १९४७चा मुंबई भाडे, हॉटेल व लॉजिंग हाऊस दर नियंत्रण अधिनियम तयार झाला. पुढील अर्धशतक मुंबईतील भाड्याच्या बहुतेक खाजगी खोल्यांवर याच कायद्याचे राज्य होते.

या कायद्याच्या तीन कलमांनी पाहुण्याचा दर्जा बदलून टाकला. पहिले म्हणजे प्रमाणभाडे : १ सप्टेंबर १९४० रोजी जागेचे जे भाडे होते तेच सामान्यतः कायदेशीर भाडे ठरले आणि तेथेच गोठले. दुसरे म्हणजे भाडेकरूला काढून टाकण्याची कारणे कायद्याने मोजून दिली. तिसरे म्हणजे कलम १५ : पोटभाडे आणि हक्काचे हस्तांतरण बेकायदा ठरले, आणि तसे केल्यास जागा परत मागण्याचा अधिकार कलम १३ने मालकाला दिला. भाडे गोठले असताना बाजारातील किंमत मात्र वाढत गेली, आणि या दोहोंमधला फरक मालकाच्या हाती न राहता पावतीवर ज्याचे नाव आहे त्याच्या हाती गेला. हा फरक रोखीने वसूल करण्याची रीत म्हणजे पागडी. खोली सोडताना किंवा दुसऱ्याला देताना घेतली जाणारी ही एकरकमी रक्कम कायद्याने निषिद्ध असूनही सर्रास चालू राहिली. नव्या माणसाला उघडपणे पोटभाडेकरू म्हणता येत नसल्यामुळे तो मावसभाऊ झाला, गाववाला झाला, भागीदार झाला. पोटभाड्याला बंदी घालून कायद्याने पोटभाडेकरू नाहीसा केला नाही, त्याला पाहुण्याचा वेष दिला, आणि त्यामुळे खऱ्या पाहुण्याकडेही त्याच संशयाने पाहिले जाऊ लागले.

मालकांची वागणूक या काळात ज्या रीतीने बदलली ती पाहण्यासारखी आहे. पूर्वी खोलीत कोण राहतो हे न पाहणारा मेहता आता गॅलरीतून जाताना अनोळखी चेहरे टिपू लागला. मूळ भाडेकरू गावी गेला असताना त्याच्या पाहुण्याने भाडे पुढे केले तर ते न घेण्याकडे मालकांचा कल झाला, कारण त्याच्या नावाने एक पावती जरी फाटली तरी मालकाने त्याला भाडेकरू म्हणून स्वीकारल्याचा पुरावा तयार होई. मग भाडे मनीऑर्डरने येई, मनीऑर्डर परत जाई, आणि प्रकरण वकिलाच्या नोटिशीपर्यंत पोहोचे. पाणी किंवा वीज तोडून पाहुण्याला हुसकण्याचा मार्गही कायद्याने बंद केला होता. अत्यावश्यक सोयी रोखणे हा १९४७च्या अधिनियमाखाली गुन्हाच होता. राहिला तो न्यायालयाचा मार्ग, आणि मुंबईपुरते ते न्यायालय म्हणजे धोबीतलावचे लघुवाद न्यायालय, ज्याला लोक स्मॉल कॉजेस कोर्ट म्हणतात.

न्यायालयात प्रश्न असे तो ताब्याचा. भाडेकरू स्वतः राहत आहे, जागेवरचा त्याचा अधिकार सुटलेला नाही आणि सोबत दुसरा माणूस राहतो, एवढ्यावरून पोटभाडे सिद्ध होत नाही, ही भूमिका न्यायालयांनी सातत्याने घेतली. तिऱ्हाइताचा स्वतंत्र, अनन्य ताबा आहे हे मालकाने आधी दाखवायचे. ते दाखवले की तो माणूस तेथे कोणत्या नात्याने आहे याचा खुलासा भाडेकरूने करायचा. पैसे गुपचूप दिले-घेतले जातात आणि त्यांचा थेट पुरावा मालकाला मिळू शकत नाही, हे न्यायालयांना मान्य असल्यामुळे मोबदल्याचे अनुमान परिस्थितीवरून काढले जाई. किल्ली कोणाकडे असते, विजेचे बिल कोण भरतो, मूळ भाडेकरूचे अंथरूण-पांघरूण खोलीत आहे की नाही, अशा तपशिलांना कायद्याचे वजन आले. १९४३ साली मुंबईत शिधावाटप सुरू झाल्यापासून रेशन कार्ड हा राहत्या पत्त्याचा ठळक पुरावा बनला होता. पाहुण्याचे नाव रेशन कार्डावर चढणे ही पाहुण्याच्या दृष्टीने धान्याची सोय होती, मालकाच्या दृष्टीने ती वाद उभा राहण्याची पहिली खूण होती.

याहून नाजूक होता मृत्यूनंतरचा प्रश्न. राहत्या जागेचा भाडेकरू वारल्यास त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा त्याच्या कुटुंबातील घटक भाडेकरू होतो, अशी तरतूद कायद्यात होती. भाडेकरूची विधवा आणि मुले रस्त्यावर येऊ नयेत हा तिचा हेतू निर्विवाद योग्य होता. परंतु मुंबईच्या चाळीत मृत्यूच्या वेळी सोबत असे ती विधवा नव्हे, तिचा पुतण्या. कारण ती गावी शेती सांभाळत असे आणि तो गिरणीत बदली कामगार म्हणून लागलेला असे. ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या १९४७च्या अधिनियमात नसल्यामुळे हा पुतण्या कुटुंबातला की पाहुणा, हे प्रत्येक खटल्यात नव्याने ठरवावे लागले. एकत्र कुटुंबाच्या कल्पनेत वाढलेल्या समाजाला हा प्रश्नच विचित्र वाटला असल्यास नवल नाही.

निषिद्ध गोष्ट फार पसरली की तिला अधूनमधून माफी द्यायची, हे धोरण शासनाने वारंवार अवलंबिले. १९५९ साली वटहुकूम काढून २१ मेपूर्वी ताब्यात असलेल्या पोटभाडेकरूंना संरक्षण देण्यात आले. त्यानंतर १९७३च्या दुरुस्तीने कलम १५अ आले आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी किमान एका खोलीचा परवानाधारक म्हणून ताबा असलेला माणूस त्या दिवसापासून मालकाचा भाडेकरू मानला गेला. पुढे पोटभाडेकरूंसाठीची तारीखही याच दिवसापर्यंत आणण्यात आली. परवानाधारक म्हणजे, १८८२च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या भाषेत, जागेत कोणताही हितसंबंध न मिळता केवळ ती वापरण्याची परवानगी मिळालेला माणूस. भाडेनियंत्रणाच्या कचाट्यातून सुटण्यासाठी मालकांनी आणि भाडेकरूंनीही याच संकल्पनेचा आश्रय घेऊन ‘लीव्ह अँड लायसन्स’ हा करारप्रकार रूढ केला होता, आणि नेमका तोच या तारखेने निकामी केला. अशा तारखा जाहीर करणारा कायदा प्रामाणिक पाहुण्याला काहीच देत नाही; ज्याने पाहुणा म्हणून शिरून हक्क सांगितला त्यालाच तो बक्षीस देतो, आणि पुढची तारीख केव्हातरी येईलच अशी आशाही बाजारात सोडून जातो.

याच १९७३च्या दुरुस्तीत पाहुण्याच्या इतिहासातील एक महत्त्वाची गोष्ट घडली. संरक्षण कोणाला नाही हे सांगताना पेइंग गेस्ट, सोबत राहणारा कुटुंबीय, नोकरीत असलेला माणूस आणि हॉटेल, लॉजिंग हाऊस, वसतिगृह, क्लब, धर्मशाळा यांत राहणारा, असे वर्ग वगळण्यात आले. आणि पेइंग गेस्ट म्हणजे कुटुंबातील नसलेला, पण परवाना देणारा स्वतः ज्या जागेत राहतो तिच्याच एका भागात परवान्याने राहणारा माणूस, अशी त्याची व्याख्या झाली. पैसे देणाऱ्या पाहुण्याला कायद्यात प्रथमच नाव मिळाले. खानावळवालीच्या खोलीत झोपणारा कामगार आणि दादरला एखाद्या निवृत्त कारकुनाच्या घरी राहणारा बँकेतला तरुण हे दोघेही आता एकाच व्याख्येत बसू शकत होते, मात्र त्याचा फायदा दुसऱ्यानेच घेतला. मुंबईतील मध्यमवर्गीय घरांत पेइंग गेस्ट ठेवण्याची निर्धास्त चाल या व्याख्येवर उभी आहे.

खानावळीतल्या पाहुण्याचे युग मात्र संपत आले होते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांना अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केले, आणि पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप लांबला तसे जेवणारे गावी परतले, गावकऱ्यांच्या खोल्या ओस पडल्या आणि ज्या पावतीवर कधीकाळी सोयीसाठी एकाचे नाव घातले होते त्या पावतीचा खरा धनी कोण, यावरून गावकीतच वाद लागले. सरकारी बी.डी.डी. चाळींतही कागदावरचा भाडेकरू आणि प्रत्यक्ष राहणारा यांच्यात इतके अंतर पडले होते की पुनर्विकासाची वेळ आली तेव्हा अशा अनेकांचा ताबा शासनाला नियमित करून घ्यावा लागला. खाजगी मालकाने वर्षानुवर्षे जी तक्रार केली तिच्यावर सरकारी मालकालाही तडजोडीशिवाय दुसरा उपाय सापडला नाही, हे नोंदवण्याजोगे आहे.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेले भाडे अवाजवी झाल्याचे मत नोंदवले, आणि ३१ मार्च २००० रोजी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला. त्याने पागडीला कायदेशीर मान्यता दिली, लेखी संमतीशिवायचे पोटभाडे निषिद्धच ठेवले, आणि राहत्या जागेच्या परवान्याची मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत जागा परत मिळवण्याचा, तसेच तोवर दुप्पट शुल्क मागण्याचा मार्ग खुला केला. करार लेखी आणि नोंदणीकृत करणे कलम ५५ने मालकावर बंधनकारक केले; तो नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. याच्या जोडीला राहणाऱ्याची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचे आदेश आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांचे उपविधी आले. आज प्रचलित असलेल्या अकरा महिन्यांच्या करारात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव, आणि पाहुणा किती दिवस राहू शकेल याची मर्यादा लिहिण्याची जी पद्धत पडली आहे, ती या साऱ्या अनुभवातून आली आहे; शंभर वर्षांपूर्वीच्या कुडाने जे आपल्या नियमांत लिहून ठेवले होते, ते घरमालकांनी आपल्या करारात आणायला विसावे शतक संपत यावे लागले.

तरीही १९९९च्या अधिनियमात परवानाधारकाची व्याख्या आहे, पेइंग गेस्टची आहे, भाडेकरूची तर सविस्तर आहे; विनामोबदला राहणाऱ्या साध्या पाहुण्याची नाही. त्यामुळे करारात त्याच्याविषयी काही लिहिलेले नसेल तर तो तेथे कोणत्या नात्याने राहतो हे पूर्वीप्रमाणेच ताबा, किल्ली आणि कागदपत्रे पाहून न्यायालयालाच ठरवावे लागते, आणि सिद्ध करण्याचा पहिला भार आजही घरमालकावरच आहे.